बेटावरील योग रिट्रीट कसे निवडावे: मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांताक्रूझ आणि लोणावळा हाताशी असताना योगासाठी बेटावर जाण्याची खरोखर गरज आहे का?

योग शिकण्यासाठी म्हणाल, तर नाही. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आणि स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेले लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून चालू आहे. अय्यंगार पद्धतीचे वर्ग लोअर परळला भरतात आणि त्या पद्धतीची मूळ संस्था पुण्यात आहे. लोकलच्या पासावर इतके शिक्षण मिळत असताना बेटावर खर्च करायचा, तो सलग मिळणाऱ्या सहा-सात मोकळ्या दिवसांसाठी. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास असा सराव रोज होतो, मधल्या वेळेत स्वयंपाक, दारावरची बेल, कार्यालयाचे फोन यांपैकी काही आड येत नाही, आणि आठवड्यातून दोनदा वर्गाला जाऊन जो बदल शरीराला जाणवत नाही तो चौथ्या-पाचव्या दिवशी जाणवू लागतो. लोणावळ्यातही हे साधते, पण घरी काही अडले की संध्याकाळपर्यंत परत येता येते, आणि बहुतेक जण येतातही.

ज्यांनी आजवर एकही आसन शिस्तीने केलेले नाही, त्यांनी आधी दोन-तीन महिने जवळच्या वर्गात घालवावेत, असे माझे मत आहे. रिट्रीटमध्ये मूलभूत गोष्टी शिकवायला शिक्षकाला फारसा वेळ नसतो. आणि समुद्राचे दृश्य ही योगाची अट नाही, हेही लक्षात असू द्यावे: हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात साधकासाठी सांगितलेली कुटी लहान दाराची आणि खिडकी नसलेली आहे.

रिट्रीट, शिक्षक प्रशिक्षण आणि विपश्यना शिबिर यांत फरक काय?

जाहिरातींत हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून विचारलेले बरे. रिट्रीट म्हणजे सराव आणि विश्रांती यांचा मेळ. त्यात परीक्षा नसते आणि एखाद्या सत्राला दांडी मारली तरी कोणी जाब विचारत नाही. शिक्षक प्रशिक्षण बहुधा २०० तासांचे असते, तीन-चार आठवडे चालते, आणि त्यात शरीररचना, अध्यापन व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करावा लागतो. विश्रांतीच्या अपेक्षेने तेथे जाणारा माणूस थकून परततो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर होते तसे विपश्यना शिबिर दहा दिवसांचे, मौनाचे आणि विनाशुल्क असते, आणि त्या काळात आसनांचा सराव बाजूला ठेवावा लागतो. या तिघांपैकी आपल्याला काय हवे आहे हे ठरल्याशिवाय बेटांची छायाचित्रे पाहू नयेत.

शिक्षकाची पारख दुरून कशी करावी?

सगळ्या निवडीत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बेट, खोली आणि जेवण यांविषयी लोक दहा प्रश्न विचारतात. शिक्षकाविषयी एकही नाही.

पहिला प्रश्न असा की ज्यांचे नाव आणि छायाचित्र जाहिरातीत आहे, तेच रोज शिकवणार आहेत का. अनेक ठिकाणी प्रसिद्ध शिक्षक पहिल्या आणि शेवटच्या दिवशी येतात आणि मधला आठवडा त्यांचे साहाय्यक चालवतात. साहाय्यक वाईट असतात असे नाही, पण पैसे कोणाच्या नावाने घेतले जात आहेत हे आधी कळले पाहिजे. दुसरा प्रश्न वर्गातील संख्येचा. एका शिक्षकामागे दहा-बारा विद्यार्थी असतील तर त्याला प्रत्येकाचा गुडघा दिसतो. तीस असतील तर तो केवळ सूचना देऊ शकतो. तिसरा प्रश्न त्याच्या स्वतःच्या शिक्षणाचा: कोणाकडे शिकला, किती वर्षे, आणि आजही कोणाकडे शिकत आहे का. चांगला शिक्षक या प्रश्नाने दुखावला जात नाही, उलट सविस्तर उत्तर देतो.

प्रमाणपत्रांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘योगा अलायन्स’ ही अमेरिकेतील नोंदणी संस्था १९९९ पासून काम करते. तिच्याकडील नोंद म्हणजे ठराविक तासांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद, अध्यापनाच्या गुणवत्तेची हमी नव्हे. भारतात आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग सर्टिफिकेशन बोर्ड प्रत्यक्ष परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. दोन्हींचा उपयोग आहे, पण ज्याच्याकडे यांपैकी एकही नाही तरीही वीस वर्षे गुरूंजवळ राहून शिकलेला आहे, असा शिक्षकही असू शकतो.

आसन सुधारताना शिक्षक स्पर्श करतात का आणि त्यासाठी आधी परवानगी विचारतात का, हे स्त्रियांनीच नव्हे तर सर्वांनीच लेखी विचारावे. जबाबदार आयोजक याचे उत्तर तयार ठेवतात. शेवटी, मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणारा, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याच्याशी पुढील पत्रव्यवहार थांबवावा.

कोणती योगपद्धती निवडावी?

ज्या पद्धतीचा थोडा तरी सराव आहे ती निवडणे श्रेयस्कर. अय्यंगार पद्धतीत लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्ची, लोड असे साहित्य लागते, आणि बेटावरच्या शाळेत, म्हणजे सरावाच्या दालनात, ते पुरेसे आहे का याची खात्री करून घ्यावी, कारण पंधरा जणांत चार ठोकळे असले की वर्ग कोलमडतो. म्हैसूरच्या पट्टाभी जोइस यांनी प्रसृत केलेला अष्टांग विन्यास हा ठरलेल्या क्रमाचा आणि दमदार सराव आहे. दमट उष्णतेत तो चाळिशीनंतर नव्याने सुरू करण्याजोगा नाही. ‘विन्यास’ (श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात जाणे) एवढेच लिहिले असेल तर वर्गाचे स्वरूप पूर्णपणे शिक्षकावर अवलंबून असते. ‘यिन’ या प्रकारात एकेका स्थितीत तीन ते पाच मिनिटे शांत राहायचे असते, आणि कार्यालयीन खुर्चीत वर्षे काढलेल्या कंबरेला तो मानवतो.

कोणत्या महिन्यात कोणते बेट योग्य?

मुंबईत पावसाळा एकच असल्यामुळे सर्व बेटांवर तोच जून ते सप्टेंबरचा हिशेब लागू होईल असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाच बेटाच्या दोन किनाऱ्यांचे ऋतू वेगळे असू शकतात, म्हणून आधी आपली रजा कधी आहे ते पाहावे आणि मग बेट ठरवावे.

श्रीलंका हे याचे उत्तम उदाहरण आहे. वेलिगामा, अहंगामा, मिरिस्सा ही दक्षिण किनाऱ्यावरील गावे डिसेंबर ते मार्च या काळात कोरडी आणि प्रसन्न असतात, कारण नैऋत्य मोसमी पाऊस तेथे मे ते सप्टेंबर या काळात कोसळतो. त्याच वेळी पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे त्रिंकोमाली आणि अरुगम बे येथे, स्वच्छ ऊन असते. मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचे असेल तर पूर्व किनाऱ्यावरचेच केंद्र शोधावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंना वादळी पावसाची शक्यता असते. तेव्हा दिवाळीची रजा तेथे घालवू नये.

थायलंडमध्येही असाच भेद आहे. फुकेत आणि को लांता ही बेटे अंदमान समुद्राच्या बाजूला असून त्यांचा पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो; को समुई आणि को फांगान ही आखाताच्या बाजूची बेटे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये, भिजतात. को फांगानच्या पश्चिमेकडील श्रीथानू परिसरात योगकेंद्रांची दाटी आहे आणि त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला, हाड रिन येथे, दर पौर्णिमेच्या सुमारास रात्रभर चालणारी प्रसिद्ध मेजवानी होते. दोन्ही ठिकाणांत अंतर असले तरी त्या दिवसांत बोटी आणि खोल्या भरलेल्या असतात, म्हणून तारखा ठरवताना तिथी पाहावी. आपल्या घरी कालनिर्णय असतेच.

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तेथे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो, त्यामुळे मुंबईकरांच्या मे महिन्याच्या सुट्टीला बाली चांगले जुळते. मात्र योगासाठी विख्यात असलेले उबुद समुद्रकिनारी नाही. ते भातखाचरांच्या उंचसखल प्रदेशात आत आहे, आणि तेथून किनारा गाठायला रहदारीत एक-दीड तास सहज जातो. समुद्रात रोज पाय भिजवण्याची इच्छा असलेल्यांचा येथे हमखास विरस होतो.

मालदीवमध्ये जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत कोरडे असतात. अंदमानात नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ सोयीचा. मेच्या उत्तरार्धात तेथे मोसमी पाऊस दाखल होतो आणि स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे जाणाऱ्या बोटी समुद्र खवळल्यावर रद्द होतात.

मॉरिशसचा विचार आपल्याकडे मधुचंद्रापुरताच होतो, हे मला खटकते. मे ते ऑक्टोबर हा तेथील हिवाळा असून हवा कोरडी व सौम्य असते, आणि दमट उकाड्याने ज्यांची दमछाक होते त्यांना कठीण आसनांचा सराव तेथे सुखाने करता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेय किनाऱ्यावर वारा बोचतो, तेव्हा उत्तर किंवा पश्चिम किनारा निवडावा. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ टाळावा. शिवाय एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

प्रवास आणि व्हिसाचे काय?

मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर आहे आणि तेथून द्रुतगती मार्गाने दक्षिण किनारा साधारण अडीच-तीन तासांत गाठता येतो. आठवडाभराची रजा असलेल्यांसाठी हे अंतर मला आदर्श वाटते. मालदीवमध्ये भारतीयांना पोहोचल्यावर विनाशुल्क प्रवेश मिळतो. त्या देशातील सी-प्लेन केवळ दिवसाउजेडी उडतात, म्हणून विमान संध्याकाळी उतरत असेल तर मालेमध्ये एक रात्र काढावी लागते आणि तो खर्च रिट्रीटच्या रकमेत धरलेला नसतो. बालीसाठी आगमनानंतर मिळणारा व्हिसा ५,००,००० रुपिया शुल्काचा आणि ३० दिवसांचा आहे. त्याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून १,५०,००० रुपियांचा स्वतंत्र कर घेतला जातो. थायलंड आणि श्रीलंकेचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

वेळापत्रक वाचताना काय पाहावे?

आयोजकाने पूर्ण आठवड्याचे वेळापत्रक दिले नाही तर ते मागून घ्यावे. दिवसाला योगाचे तास किती आणि सहलींचे किती, हे त्यातून दिसते. ‘सात दिवसांचे रिट्रीट’ म्हणवणाऱ्या कार्यक्रमात येण्याचा, जाण्याचा आणि सहलीचा दिवस वजा केल्यावर सरावाचे चारच दिवस उरतात, असे पुष्कळदा आढळते. त्यात काही गैर नाही, पण प्रतिदिन खर्च काढताना भागाकार चाराने करावा.

घड्याळाचाही विचार करावा. बाली भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तेथील सकाळी साडेसहाचा वर्ग आपल्या शरीराच्या दृष्टीने पहाटे चारला असतो. ब्राह्ममुहूर्तावर उठणाऱ्यांना हे रुचेल. रात्री एकला झोपणाऱ्यांनी एक दिवस आधी पोहोचावे. श्रीलंकेची वेळ भारताइतकीच आहे आणि मॉरिशस दीड तास मागे आहे, त्यामुळे तेथे पहाटे आपोआप जाग येते.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाची अडचण येईल का?

बहुतेक योगकेंद्रांत शाकाहारी जेवण असते, पण ‘शाकाहारी’ म्हणजे काय याची समजूत प्रत्येक देशात वेगळी आहे. थायलंडमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा सॉस, म्हणजे ‘नाम प्ला’, घातला जातो. बालीतील मसाल्याच्या वाटणात ‘तेरासी’ ही आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते. श्रीलंकेत खोबऱ्याचा ‘पोल सांबोल’ आपल्या ओल्या चटणीची आठवण करून देतो, पण त्यात ‘उंबलकड’, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, घालण्याची पद्धत आहे. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासे, कोळंबी आणि त्यांचे सॉस यांची नावे घेऊन लेखी कळवावे.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना थायलंडमध्ये ‘जे’ या नावाने ओळखले जाणारे जेवण उपयोगी पडते, कारण त्यात मांसमासे, अंडी, दूध आणि त्याबरोबरच लसूण-कांद्यासारखे उग्र पदार्थही वर्ज्य असतात. कंदमुळे न खाणाऱ्या जैन वाचकांनी मात्र त्यावर विसंबू नये. उपवास करणाऱ्यांनी साबुदाणा आणि दाण्याचे कूट सोबत न्यावे. स्वयंपाकघर वापरू देतील का, हे आधी विचारावे. रसाहारावर आठवडा काढण्याचे कार्यक्रमही विकले जातात. रोज साडेतीन तास सराव करणाऱ्याला त्यांची शिफारस मी करणार नाही. हठयोगाचे ग्रंथ मिताहार सांगतात, म्हणजे पोटाचा एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवायला, आणि तेही स्निग्ध व गोड अन्न घेऊन.

खर्चाचा अंदाज कसा घ्यावा?

जाहिरातीतील रक्कम बहुधा दोघांनी एक खोली वाटून घेण्याची असते. एकट्याने राहिल्यास ती लक्षणीय वाढते. आग्नेय आशियात किमतीपुढे दोन अधिक चिन्हे छापलेली असतील तर सेवाशुल्क आणि कर वेगळे द्यावे लागतात असा अर्थ घ्यावा. विमानतळावरून ने-आण, दुपारचे जेवण आणि मसाज समाविष्ट आहेत का, हे विचारावे. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील कंपनीकडून घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, आकारला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. क्रेडिट कार्डाने परकीय चलनात भरणा केला तर बँक विनिमय दरावर वेगळी टक्केवारी लावते.

रद्द करण्याच्या अटी भरणा करण्यापूर्वी वाचाव्यात. आगाऊ रक्कम परत मिळत नसेल, तर निदान ती पुढील तारखेला वर्ग करता येते का ते लेखी घ्यावे.

प्रकृतीच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असल्यास शीर्षासन आणि सर्वांगासन टाळावे लागते. गरोदरपणात किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कपालभाती करू नये. हे शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगण्यापेक्षा नोंदणीच्या वेळीच कळवावे, आणि नोंदणी अर्जात प्रकृतीविषयी एकही प्रश्न नसेल तर त्यावरून आयोजकाची कल्पना करावी.

डेंग्यू या सर्व बेटांवर आढळतो, म्हणून पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उघड्या शाळेत डास प्रतिबंधक मलम लावूनच बसावे. बालीत २००८ पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे. तेथील कुत्र्यांना आणि उबुदच्या माकडांना हात लावू नये, आणि चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. भाड्याची स्कूटर ही या बेटांवर योगापेक्षा कितीतरी अधिक हाडे मोडते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी सहसा भरपाई नाकारते.

आईवडिलांना सोबत न्यावे का?

साठीपुढील अनेक जण तरुणांपेक्षा अधिक नियमित सराव करतात, त्यामुळे वय हा अडथळा मानू नये. अडथळा असतो तो पायऱ्यांचा. उबुदमधील कित्येक केंद्रे उतारावर बांधलेली असून खोलीपासून शाळेपर्यंत चाळीस-पन्नास ओबडधोबड पायऱ्या चढाव्या लागतात. खोली तळमजल्यावर मिळेल का, खुर्चीवर बसून सराव घेतात का, आणि सुसज्ज रुग्णालय किती अंतरावर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. अंदमान आणि मालदीवमधील लहान बेटांवर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बोटीच्या वेळेवर ठरते.

स्थानिक रीतींबद्दल काय माहीत असावे?

बालीत शक संवत्सर पाळले जाते आणि त्याचा पहिला दिवस, ‘न्येपी’, बहुधा मार्चमध्ये येतो, कधी आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच, तर कधी त्याच्या महिनाभर आधी. त्या दिवशी पूर्ण मौन असते: रस्त्यावर कोणी येत नाही, दिवे मंद ठेवतात आणि विमानतळही चोवीस तास बंद राहतो. साधकासाठी हा दिवस अपूर्व आहे, मात्र परतीचे तिकीट त्या तारखेचे नसावे. श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद असते. बुद्धप्रतिमेकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानास्पद समजले जाते. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बेटांवर मोकळीक असली तरी स्थानिक वस्तीच्या बेटांवर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मद्य तेथे निषिद्ध आहे.

स्वतःची मॅट न्यावी का?

केंद्रात मॅट मिळते, पण दमट हवेत ती वाळत नाही आणि तिला वास येतो. प्रवासाची पातळ मॅट किंवा सुती सतरंजी न्यावी. घामाने भिजलेल्या रबरावर हात घसरतो तेव्हा सतरंजी वर अंथरता येते, आणि ती रोज धुऊन उन्हात टाकता येते.